टीम लोटस आणि सिगारेटच्या पाकिटाचे रंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काळ्या कुळकुळीत अंगावर बारीक सोनेरी रेघा ओढलेली शर्यतीची गाडी ज्याने एकदा छायाचित्रात तरी पाहिली आहे, तो ती सहसा विसरत नाही. ही रंगसंगती एका सिगारेटच्या पाकिटावरून उचलली होती. मोटार शर्यतींच्या इतिहासातील काही अत्यंत कल्पक गाड्या याच पाकिटाच्या, आणि त्याआधी दुसऱ्या एका पाकिटाच्या, रंगांत धावल्या. टीम लोटस या ब्रिटिश संघाचा १९६८ ते १९९० हा काळ वाचकांना समजावा म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत.

टीम लोटस हा संघ कोणाचा आणि तो कधी सुरू झाला?

कॉलिन चॅपमन या लंडनच्या अभियंत्याने १९५२ मध्ये लोटस इंजिनिअरिंग ही कंपनी काढली आणि १९५४ मध्ये शर्यतींसाठी टीम लोटस हा वेगळा संघ उभा केला. १९५८ च्या मोनॅको ग्रां प्रीमध्ये (ग्रां प्री म्हणजे जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतील एक शर्यत) संघ प्रथम फॉर्म्युला वनमध्ये उतरला, तेव्हा ग्रॅहम हिल आणि क्लिफ ॲलिसन हे त्याचे चालक होते. १९६६ पासून संघाचे ठाणे नॉरफोक परगण्यातील हेथेल येथे, एका जुन्या लष्करी धावपट्टीच्या जागेवर आले. बांधकामाच्या अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या चॅपमन यांचा भर एकाच गोष्टीवर असे : गाडीतील प्रत्येक अनावश्यक ग्रॅम काढून टाकणे. १९६२ च्या लोटस २५ मध्ये त्यांनी नळ्यांच्या सांगाड्याऐवजी पत्र्याचा एकसंध डबाच सांगाडा म्हणून वापरला आणि जिम क्लार्कने १९६३ च्या हंगामात दहापैकी सात शर्यती जिंकून जगज्जेतेपद मिळवले. तंबाखूचा पैसा येण्यापूर्वीच हा संघ मोठा झाला होता. तो सिगारेटच्या जाहिरातीने घडला, असा समज अनेकांचा असतो, तो चुकीचा आहे.

मग त्याआधी संघाचा खर्च कोठून निघत असे?

शर्यतीच्या आयोजकांकडून मिळणारे मानधन, बक्षिसाची रक्कम, तेल आणि टायर कंपन्यांचा पाठिंबा, आणि चॅपमन यांच्या कारखान्यात विकल्या जाणाऱ्या गाड्यांचा नफा, अशी ती गणिते होती. गाड्यांना देशाचा रंग असे. इटलीच्या गाड्या लाल, फ्रान्सच्या निळ्या आणि ब्रिटनच्या हिरव्या असत. लोटसची गाडी हिरवी, मध्ये पिवळा पट्टा, आणि प्रायोजकाच्या नावाची जास्तीत जास्त एखादी लहानशी चिकटपट्टी. १९६७ च्या अखेरीस एसो या तेल कंपनीने शर्यतींमधून हात आखडता घेतला आणि चॅपमन यांच्यापुढे पैशाचा प्रश्न उभा राहिला. त्याच वर्षी फोर्डच्या एक लाख पौंडांतून कीथ डकवर्थ यांनी घडवलेले कॉसवर्थ डीएफव्ही हे इंजिन चॅपमन यांच्या लोटस ४९ मध्ये बसले होते आणि जूनमध्ये नेदरलँड्समधील झांडफूर्टला पदार्पणातच क्लार्कने शर्यत जिंकली होती. जगातली सर्वांत वेगवान गाडी हाताशी असताना ती चालवायला पैसा कमी पडावा, अशी ती परिस्थिती होती.

गाडीवर संपूर्ण जाहिरात रंगवण्याची परवानगी कधी मिळाली? लोटसच पहिला संघ होता का?

आंतरराष्ट्रीय नियामक संस्थेने १९६८ च्या हंगामापासून ही मुभा दिली. लोटस पहिला होता असे सर्रास लिहिले जाते, परंतु जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत हा मान दक्षिण आफ्रिकेतील गन्स्टन या सिगारेटच्या नावाने उतरलेल्या खासगी संघाकडे जातो. १ जानेवारी १९६८ रोजी क्यालामीच्या ग्रां प्रीमध्ये जॉन लव्ह या ऱ्होडेशियन चालकाची गाडी गन्स्टनच्या रंगांत होती, आणि त्याच शर्यतीत क्लार्कची लोटस अजून हिरवीच होती. क्लार्कने ती जिंकली. हा त्याचा पंचविसावा विजय होता आणि त्याने अर्जेंटिनाचा चालक फान्जिओ याचा २४ विजयांचा विक्रम मागे टाकला. त्याच महिन्यात न्यूझीलंडमध्ये, ख्राइस्टचर्चजवळील विग्रॅमच्या शर्यतीत, तीच हिरवी गाडी लाल, पांढऱ्या आणि सोनेरी रंगांत दिसली आणि संघाचे नाव ‘गोल्ड लीफ टीम लोटस’ झाले. एका मोठ्या, स्थिरावलेल्या संघाने आपले नाव आणि आपला रंग सिगारेटला देण्याची ही पहिली वेळ होती, आणि ज्याने खेळाचे अर्थकारण बदलले तो निर्णय हाच, असे माझे मत आहे.

सिगारेट कंपन्यांना मोटार शर्यतींची इतकी ओढ का वाटली?

याचे उत्तर शर्यतीच्या मैदानाबाहेर आहे. धूम्रपान आणि फुप्फुसांचा कर्करोग यांचा संबंध रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्येच दाखवून दिला होता. १९६२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने धूम्रपान आणि आरोग्यावरील आपला अहवाल प्रसिद्ध केला, आणि १ ऑगस्ट १९६५ पासून ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी झाली. जाहिरातीसाठी राखून ठेवलेला मोठा पैसा अशा रीतीने मोकळा झाला आणि त्याला नवी वाट हवी होती. दूरचित्रवाणीवर जाहिरात दाखवता येत नव्हती, परंतु शर्यत दाखवता येत होती. ज्या कायद्याने लोकांचे आरोग्य राखायचे होते, त्यातील फटीतून तीच सिगारेट ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने घराघरांत परत आली. तिच्यासोबत आता धाडस, तारुण्य आणि विजय यांची चित्रेही होती, आणि साध्या जाहिरातीत हे तिला कधीच इतके स्वस्तात मिळाले नसते.

गोल्ड लीफ म्हणजे आपल्याकडची गोल्ड फ्लेक का?

नाही, हे दोन वेगळे ब्रँड आहेत, परंतु त्यांचे नाते मात्र आहे. गोल्ड लीफ ही नॉटिंगहॅमच्या जॉन प्लेअर अँड सन्सची सिगारेट होती, तर गोल्ड फ्लेक हे नाव ब्रिस्टलच्या विल्स घराण्याच्या कारखान्यातून भारतात आले. १९०१ मध्ये तेरा ब्रिटिश तंबाखू कंपन्यांनी एकत्र येऊन इम्पीरियल टोबॅको स्थापन केली, तेव्हा विल्स आणि प्लेअर या दोन्ही त्यात होत्या. लोटसच्या गाडीवर जो दाढीवाला खलाशी आणि त्याभोवतीचे कडे दिसते, ते प्लेअरचे जुने बोधचिन्ह आहे.

१९६८ चा हंगाम इतका दुःखद का मानला जातो?

विग्रॅमची शर्यत जिंकून क्लार्कने त्या उन्हाळ्यात न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातील टास्मान मालिकाही जिंकली. ७ एप्रिल रोजी जर्मनीतील हॉकेनहाइम येथे, फॉर्म्युला टूच्या एका दुय्यम शर्यतीत, ओल्या रस्त्यावर त्याची लाल-पांढरी लोटस ४८ झाडांमध्ये शिरली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. तो ३२ वर्षांचा होता. ज्या चालकाला अपघात होऊच शकत नाही असे त्याचे सहकारी मानत, तो गेला, आणि मग कोणीही सुरक्षित नाही ही जाणीव सगळ्यांच्या मनात घर करून बसली. बरोबर एका महिन्याने, ७ मे रोजी, इंडियानापोलिस येथे लोटसचीच टर्बाइन गाडी चालवताना माइक स्पेन्स मृत्युमुखी पडला.

अशा मनःस्थितीत १२ मे रोजी स्पेनमधील हारामा येथे संघ अजिंक्यपदाच्या शर्यतीत प्रथमच गोल्ड लीफच्या रंगांत उतरला आणि ग्रॅहम हिलने ती शर्यत जिंकली. पुढच्याच शर्यतीत त्याने मोनॅको जिंकले, नोव्हेंबरमध्ये मेक्सिकोही जिंकले आणि जगज्जेतेपद मिळवले. उत्पादकांचे, म्हणजे गाडी बांधणाऱ्यांना मिळणारे, अजिंक्यपदही लोटसकडे आले. मोडून पडलेल्या मेकॅनिकांना आणि खुद्द चॅपमन यांना त्या वर्षी उभे धरले ते हिलने. आकडेवारीत ही गोष्ट दिसत नाही, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवली आहे.

गाडीवर उंच खांबांवर बसवलेले पंख दिसतात, ते नंतर का नाहीसे झाले?

१९६८ मध्ये हवेच्या दाबाने गाडी रस्त्याला चिकटवून ठेवणाऱ्या विंग आल्या आणि लोटसने त्या उंच, बारीक दांड्यांवर थेट चाकांच्या सस्पेंशनला जोडल्या. कल्पना बिनतोड होती, दांड्या मात्र नव्हत्या. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनाच्या मोंजुइक बागेतील शर्यतीत हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही गाड्यांची मागची विंग रस्त्याच्या एकाच उंचवट्यावर मोडली आणि दोन्ही गाड्या कठड्यावर आदळल्या. दोघेही वाचले. पुढच्या मोनॅको शर्यतीच्या सरावाच्या वेळीच उंच विंगांवर बंदी आली. ती शर्यत विंगेविना हिलने जिंकली आणि तो त्याचा मोनॅकोतील पाचवा विजय ठरला.

मरणोत्तर जगज्जेता झालेला चालक याच संघाचा होता का?

होय. जर्मनीत जन्मलेला आणि ऑस्ट्रियाकडून खेळणारा योखेन रिंट हा फॉर्म्युला वनचा आजवरचा एकमेव मरणोत्तर जगज्जेता आहे. १९७० मध्ये चॅपमन आणि मॉरिस फिलिप यांनी लोटस ७२ तयार केली. पाचरीसारखे निमुळते नाक, नाकाऐवजी दोन्ही बाजूंना बसवलेले रेडिएटर आणि चाकांऐवजी गाडीच्या अंगात घेतलेले ब्रेक यांमुळे ती इतर गाड्यांपेक्षा वेगळीच दिसत असे. मोनॅकोत जुन्या लोटस ४९ ने जिंकल्यावर रिंटने नव्या गाडीने नेदरलँड्स, फ्रान्स, ब्रिटन आणि जर्मनी अशा सलग चार शर्यती जिंकल्या.

५ सप्टेंबरला इटलीतील मोंझा येथील सरावात, सरळ पट्ट्यांवर वेग वाढावा म्हणून विंग काढून टाकलेली त्याची गाडी पाराबोलिका वळणाच्या तोंडाशी ब्रेक लावताना डावीकडे वळली आणि कठड्यात घुसली. पुढचा ब्रेक शाफ्ट तुटला असावा असे मानले जाते, आणि कठडाही नीट बसवलेला नव्हता. रिंट वाचला नाही. त्याचे ४५ गुण झाले होते आणि फेरारीचा जॅकी इक्स त्यांना गाठू शकत होता, परंतु ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील वॉटकिन्स ग्लेनला लोटसच्याच एमर्सन फिट्टिपाल्डी या तेवीस वर्षांच्या ब्राझिलियन तरुणाने, आपल्या अवघ्या चौथ्या ग्रां प्रीमध्ये, विजय मिळवला आणि इक्सचा मार्ग बंद झाला. रिंटची जगज्जेतेपदाची ढाल त्याच्या पत्नीने, नीना यांनी, स्वीकारली.

गाड्या हलक्या असाव्यात हा चॅपमन यांचा हट्ट आणि चालकांचे अपघात यांचा संबंध तेव्हाही जोडला जात होता आणि आजही जोडला जातो. या गाड्यांवर माझे प्रेम आहे, तरीही हा आरोप अन्यायाचा आहे असे मला म्हणवत नाही.

काळा आणि सोनेरी रंग कधी आला?

१९७१ मध्ये संघाला एकही ग्रां प्री जिंकता आली नाही. पुढच्या वर्षी प्रायोजक कंपनीने आपला दुसरा ब्रँड, जॉन प्लेअर स्पेशल (जेपीएस), पुढे आणला. त्याचे पाकीट काळे आणि त्यावरची अक्षरे सोनेरी होती, म्हणून गाडीही तशीच झाली. लाल-पांढरी गोल्ड लीफ ही जाहिरात चिकटवलेली गाडी वाटत असे, काळी जेपीएस मात्र तशी वाटत नाही. लोटस ७२ च्या निमुळत्या आकारावर त्या सोनेरी रेघा अशा बसल्या की गाडी मूळचीच तशी असावी असे वाटावे. हे सौंदर्य खरे आहे, आणि ते सिगारेट विकण्यासाठीच निर्माण केले होते हेही तितकेच खरे आहे. गाडी जितकी देखणी, तितकी जाहिरात प्रभावी, एवढा सरळ हिशेब त्यामागे होता.

गाडीचे अधिकृत नावच सिगारेटचे होते, हे खरे आहे का?

खरे आहे. १९७२ पासून संघ ‘जॉन प्लेअर टीम लोटस’ म्हणून उतरला आणि गाडीची नोंद ‘जॉन प्लेअर स्पेशल’ अशी होऊ लागली, म्हणजे निवेदकाने आणि वार्ताहराने गाडीचे नाव घेतले की सिगारेटचे नाव आपोआप उच्चारले जावे. ज्या गाडीला आज आपण लोटस ७९ म्हणतो, तिचे तेव्हाचे अधिकृत नाव ‘जॉन प्लेअर स्पेशल मार्क फोर’ असे होते. १९७२ ची ब्रिटिश ग्रां प्री देखील ‘जॉन प्लेअर ग्रां प्री’ या नावाने ब्रँड्स हॅच येथे झाली आणि ती जॉन प्लेअरच्याच गाडीने जिंकली. मुलांच्या खेळण्यातल्या लहान गाड्या आणि जोडणीच्या प्रतिकृतींचे संचही याच काळ्या-सोनेरी रंगांत निघाले. खेळण्यावर सिगारेटचे नाव ही गोष्ट आज वाचताना अंगावर येते.

फिट्टिपाल्डी कोणत्या वर्षी जिंकला?

१९७२ मध्ये. स्पेन, बेल्जियम, ब्रिटन, ऑस्ट्रिया आणि इटली अशा पाच शर्यती जिंकून तो २५ व्या वर्षी जगज्जेता झाला. सर्वांत तरुण जगज्जेत्याचा हा विक्रम पुढे २००५ पर्यंत, फर्नांडो अलोन्सोने तो मोडेपर्यंत, टिकला. जगज्जेतेपद निश्चित झाले ते मोंझाला, आणि तेथे त्याची गाडी टीम लोटसच्या नावाने नव्हे, तर ‘वर्ल्ड वाइड रेसिंग’ या नावाने नोंदवलेली होती. रिंटच्या मृत्यूनंतर इटलीत कायदेशीर कारवाईची भीती होती, म्हणून चॅपमन यांनी तेथे ही खबरदारी घेतली.

एकच गाडी इतकी वर्षे कशी टिकली?

लोटस ७२ ने १९७० ते १९७५ या काळात २० ग्रां प्री जिंकल्या. १९७३ मध्ये फिट्टिपाल्डीने तीन आणि रॉनी पीटरसन या स्वीडिश चालकाने चार शर्यती जिंकल्या आणि उत्पादकांचे अजिंक्यपद संघाकडे आले, परंतु दोघांत गुण वाटले गेल्यामुळे चालकांचे अजिंक्यपद जॅकी स्ट्यूअर्टने नेले. १९७४ मध्ये आणलेली नवी लोटस ७६ फसली, तेव्हा पीटरसनने जुन्याच गाडीने मोनॅको, फ्रान्स आणि इटली जिंकून दाखवले. १९७५ मध्ये मात्र ती पुरती थकली होती.

लोटस ७८ आणि ७९ यांत असे वेगळे काय होते?

या गाड्यांनी शर्यतीच्या गाडीचा विचारच उलटा केला, म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल. विमानाचा पंख हवेच्या प्रवाहामुळे वर उचलला जातो. तोच पंख उलटा केला की तो खाली दाबला जातो, आणि शर्यतीच्या गाड्यांवरील विंग हेच काम करीत. चॅपमन यांनी १९७५ च्या सुमारास टोनी रड, पीटर राइट, राल्फ बेलामी आणि मार्टिन ओगिल्व्ही यांच्या गटाला कामाला लावले, आणि त्यांनी गाडीच्या दोन्ही बाजूंच्या पेट्यांचा तळच उलट्या पंखाच्या आकाराचा केला. गाडी आणि रस्ता यांमधील चिंचोळ्या वाटेतून हवा वेगाने गेली की तेथील दाब कमी होतो आणि संपूर्ण गाडी रस्त्याकडे ओढली जाते. बाजूंनी हवा आत शिरून हा परिणाम विरू नये म्हणून पेट्यांच्या कडांना रस्त्याला टेकणारे, वरखाली सरकणारे पडदे लावले होते. यालाच ग्राउंड इफेक्ट म्हणतात.

लोटस ७८ ने १९७७ मध्ये पाच शर्यती जिंकल्या, त्यांपैकी चार मारिओ आंद्रेत्तीने आणि बेल्जियमची एक गुन्नार निल्सनने. लोटस ७९ मध्ये ही कल्पना पूर्णत्वास गेली. १९७८ मध्ये बेल्जियममधील झोल्डर येथे ती अजिंक्यपदाच्या शर्यतीत प्रथम धावली आणि आंद्रेत्तीने पोल पोझिशनवरून, म्हणजे सुरुवातीच्या पहिल्या जागेवरून, ती शर्यत जिंकली. त्या वर्षी आंद्रेत्तीने सहा आणि संघात परतलेल्या पीटरसनने दोन विजय मिळवले, आणि दोन्ही अजिंक्यपदे लोटसकडे आली. पुढच्या वर्षापर्यंत बहुतेक सर्व संघ तशाच गाड्या बांधू लागले होते. वाऱ्याच्या बोगद्यातील त्या महिनोन् महिन्यांच्या कामाला पैसा लागला आणि त्यातला मोठा वाटा धूम्रपान करणाऱ्यांच्या खिशातून आला होता, ही वस्तुस्थिती या यशाच्या वर्णनातून वगळणे मला योग्य वाटत नाही.

त्या विजयाचा आनंद संघाला का साजरा करता आला नाही?

१० सप्टेंबर १९७८ रोजी, पुन्हा मोंझालाच, शर्यत सुरू होताच झालेल्या साखळी अपघातात पीटरसनची गाडी कठड्यावर आदळून पेटली. सकाळच्या सरावात त्याची लोटस ७९ खराब झाल्यामुळे तो जुनी लोटस ७८ चालवत होता. जेम्स हंट आणि इतर चालकांनी त्याला ज्वाळांतून ओढून काढले. पायांची हाडे मोडली होती, पण तो शुद्धीवर होता आणि वाचेल असे सर्वांना वाटत होते. शस्त्रक्रियेनंतर मोडलेल्या हाडांतील चरबीचे कण रक्तप्रवाहात पसरले आणि दुसऱ्या दिवशी त्याचे निधन झाले. आंद्रेत्तीचे जगज्जेतेपद त्याच मोंझाला निश्चित झाले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच, ऑक्टोबरमध्ये, निल्सनचे कर्करोगाने निधन झाले. तो २९ वर्षांचा होता.

जॉन प्लेअरने संघ सोडला आणि पुन्हा धरला, तो कधी?

१९७८ च्या अखेरीस कंपनी गेली. १९७९ मध्ये मार्टिनी आणि १९८० मध्ये इसेक्स पेट्रोलियम हे प्रायोजक होते, आणि विजय एकही नव्हता. १९८१ च्या हंगामाच्या मध्यावर काळा-सोनेरी रंग परत आला. १५ ऑगस्ट १९८२ रोजी ऑस्ट्रियात लोटसच्या एलिओ दे अँजेलिसने केके रोसबर्गला सेकंदाच्या अवघ्या पाच शतांशांनी हरवले, तेव्हा चॅपमन यांनी सवयीप्रमाणे आपली काळी टोपी हवेत भिरकावली. तसे करण्याची ती शेवटची वेळ ठरली. १६ डिसेंबर १९८२ रोजी, ५४ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले आणि संघाची सूत्रे पीटर वॉर यांच्याकडे गेली.

आयर्टन सेना काळ्या लोटसमध्ये किती जिंकला?

चार शर्यती. १९८५ मध्ये पोर्तुगाल आणि बेल्जियम, १९८६ मध्ये स्पेन आणि डेट्रॉइट. २१ एप्रिल १९८५ ची एस्तोरिलची शर्यत हा त्याचा पहिला ग्रां प्री विजय होता. पाऊस असा कोसळत होता की अनुभवी चालक सरळ रस्त्यावरही घसरत होते. सेना दुसऱ्या आलेल्या मिकेले आल्बोरेतोच्या एक मिनिटाहून अधिक पुढे होता आणि बाकी सर्वांना त्याने किमान एका फेरीने मागे टाकले होते. तुषारांच्या पांढऱ्या पडद्यातून बाहेर येणारी ती काळी गाडी हे त्या दशकातील सर्वांत ठसठशीत दृश्यांपैकी एक आहे. पुढच्या वर्षी हेरेझला त्याने नायजेल मॅन्सेलला ०.०१४ सेकंदाने हरवले.

१९८६ च्या अखेरीस जॉन प्लेअर कायमची गेली. १९८७ मध्ये गाडी कॅमल या अमेरिकी सिगारेटच्या पिवळ्या रंगात आली, तिला होंडाचे इंजिन मिळाले आणि सेनाने मोनॅको व डेट्रॉइट जिंकले. डेट्रॉइटचा तो विजय टीम लोटसचा अखेरचा विजय होय. कॅमल १९९० पर्यंत राहिली, आणि १९९४ च्या ॲडलेड येथील शर्यतीनंतर कर्जबाजारी झालेला संघ पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर दिसला नाही.

या संघाच्या एकूण यशात सिगारेटच्या रंगांतील वर्षांचा वाटा किती?

टीम लोटसला चालकांची सहा अजिंक्यपदे मिळाली आणि त्यांपैकी चार, म्हणजे १९६८, १९७०, १९७२ आणि १९७८ ची, प्लेअरच्या रंगांत मिळाली. उत्पादकांच्या सात अजिंक्यपदांपैकी १९७३ धरून पाच याच रंगांत आली. जिम क्लार्कची १९६३ आणि १९६५ ची अजिंक्यपदे तेवढी हिरव्या गाडीची आहेत.

याच जॉन प्लेअरचा क्रिकेटशी काही संबंध होता का?

होता, आणि तो मुंबईपर्यंत पोहोचतो. इंग्लंडमधील परगण्यांची रविवारची चाळीस षटकांची स्पर्धा १९६९ मध्ये जॉन प्लेअरच्या पैशावर सुरू झाली. पहिल्या दोन्ही वर्षी ती लँकेशायरने जिंकली, तेव्हा मुंबईचे फरुख इंजिनिअर त्या संघाचे यष्टिरक्षक होते. १९८० मध्ये सुनील गावसकर सॉमरसेटकडून खेळले तेव्हाही रविवारच्या सामन्यांना हेच नाव होते. क्रिकेटमधूनही ही कंपनी १९८६ च्या हंगामानंतरच बाहेर पडली. भारतात हीच भूमिका विल्सने बजावली. नव्वदच्या दशकात भारतीय खेळाडूंच्या अंगावर ते नाव होते आणि १९९६ चा विश्वचषक त्याच नावाने झाला. त्या पिढीतील किती मुलांना सिगारेटचे ते नाव सचिनच्या फटक्यांसोबत पाठ झाले, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

शर्यतींमधून तंबाखूची जाहिरात शेवटी कशी गेली?

ती एकदम गेली नाही. फ्रान्सने १९९१ मध्ये कायदा केला. ब्रिटनमध्ये १९९७ साली नव्या मजूर सरकारने फॉर्म्युला वनला बंदीतून सूट देण्याचे ठरवले आणि त्यानंतर फॉर्म्युला वनचे सर्वेसर्वा बर्नी एक्लस्टन यांनी त्या पक्षाला दहा लाख पौंडांची देणगी दिली होती हे उघड झाले. मोठा गदारोळ झाला आणि देणगी परत करण्यात आली. अखेर युरोपीय संघाचा निर्देश ३१ जुलै २००५ पासून लागू झाला. ज्या देशांत बंदी होती तेथे नावाची अक्षरे झाकून रंग तेवढे ठेवण्याची युक्ती संघ अनेक वर्षे करीत होते, आणि ती चालत असे, कारण रंग ओळखला की नाव मनात उमटतेच. फेरारीच्या गाडीवरील मार्लबोरोची आठवण करून देणारे उभ्या रेघांचे चित्र २०१० मध्ये काढले गेले. भारतात २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने जाहिरात आणि प्रायोजकत्व दोन्हींना मनाई केली.

२०११ ते २०१३ मध्ये भारतात धावलेली काळी-सोनेरी गाडी हीच का?

रंग तोच होता, संघ तो नव्हता. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर जी काळी-सोनेरी गाडी दिसली, ती इंग्लंडमधील एनस्टोनच्या संघाची होती. टोलमन, बेनेटन, रेनो अशी नावे बदलत आलेल्या या संघाला तेव्हा लोटस मोटार कंपनीचे नाव मिळाले होते. २०१३ मध्ये त्याच गाडीतून रोमां ग्रोजां सतराव्या स्थानावरून सुरुवात करून तिसरा आला. २०११ मध्ये ‘टीम लोटस’ हे नाव वापरणारा दुसरा, हिरव्या रंगाचा संघही होता आणि चेन्नईचा करुण चंढोक जर्मन ग्रां प्रीत त्याच्याकडून धावला. चॅपमन यांच्या मूळ संघाशी या दोघांचेही थेट नाते नाही. काळ्या-सोनेरी गाडीवर सिगारेटचे नाव कोठेही नव्हते, तरीही जुने प्रेक्षक तिला जेपीएसच म्हणत होते.

मूळ गाड्या आज कोठे आहेत?

त्यांपैकी अनेक अजून धावत्या अवस्थेत आहेत. कॉलिन चॅपमन यांचे पुत्र क्लाइव्ह चॅपमन हेथेल येथे क्लासिक टीम लोटस ही संस्था चालवतात, आणि तेथे या गाड्यांची देखभाल व दुरुस्ती होते. ऐतिहासिक गाड्यांच्या शर्यतींत लोटस ४९, ७२ आणि ७९ आजही डीएफव्हीच्या आवाजात रस्त्यावर उतरतात.